आमचुराच्या दिवसांतली बॉर्डर

धडगावात आमचुराचे दिवस सुरू झाले की एसटीचेसुद्धा दात आंबतात. खोटं वाटत असेल तर एप्रिल सरताना शहाद्याहून वर येणाऱ्या गाडीत बसा आणि शेवटच्या चढावर ड्रायव्हरनं गिअर बदलला की कान द्या. आधी कुरकुर, मग सुस्कारा, मग जीभ टाळ्याला लावून सोडल्यासारखा टॉक. हवेत आंबटपणा इतका दाटलेला असतो की त्या दिवसांत जन्मलेलं मूल आधी रडत नाही, आधी तोंड वाकडं करतं. मी स्वतः पाहिलंय. सुईण साक्षीला आहे, पण ती माझ्याहून जास्त फेकते, म्हणून तिचं नाव सांगत नाही.

कैऱ्या झाडावरून उतरवायच्या, सोलायच्या, काप करायचे आणि ऊन सापडेल तिथं पसरायचे. खडकावर, कौलांवर, शाळेच्या ओट्यावर, पाणी कधीच न पाहिलेल्या टाकीच्या झाकणावर. लांबून बघितलं तर सातपुड्यानं आपले सगळे बनियन एकाच दिवशी धुऊन वाळत घातलेत असं वाटतं. काप पांढरेशुभ्र आणि कापणाऱ्या बायकांचे हात काळे. कैरीचा चीक आणि चाकूचं लोखंड मिळून बोटांवर जो रंग चढतो तो साबणाला दाद देत नाही. पावसाळ्यात शेतातल्या चिखलानंच काय तो फिका पडतो. लोक वरणात चिमूटभर आमचूर टाकतात आणि 'वा, काय आंबटपणा!' म्हणतात. त्यांना कुणी ते हात दाखवलेले नसतात.

यंदा पुन्हा ते दिवस आले. परवा गाडीतून उतरले, नाकात तो वास शिरला आणि मी स्टँडवर उभीच राहिले. लोकांना वाटलं, ताई कुणाची तरी वाट बघताहेत. मी वाट बघत नव्हते. एक जुना उन्हाळा माझ्या अंगावर चालून आला होता आणि त्याला जागा द्यायला मी बाजूला झाले होते.

त्या उन्हाळ्यात लढाई लागली होती. वर, बर्फाच्या मुलखात. आमच्यापासून इतकी लांब की तिकडून निघालेली गोळी धडगावला पोचेपर्यंत तिला म्हातारपण आलं असतं. पण बातमीला म्हातारपण येत नाही. ती टीव्हीतून निघाली, बापूभाऊच्या चहाच्या हॉटेलात बसली आणि तिथून पाड्यापाड्यांवर चढली.

माझं काम म्हणजे समाजसेवा, असं माझ्या संस्थेच्या पाटीवर लिहिलंय. पाटीखाली जे चालतं ते वेगळं. बाळंतिणीला जीपमध्ये कोंबायचं, रेशनच्या मशीनला न पटणारे अंगठे पटवायचे, ऊसतोडीला गेलेल्यांची मागं राहिलेली पोरं शाळेत हाकायची, भांडणात मध्ये पडायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. या कामाला शिक्षण लागत नाही, घसा लागतो. तो मला माझ्या म्हसावदच्या आजोबांकडून आलाय. ते शेतातून हाक मारायचे आणि शहाद्याच्या बाजारातले बैल माना वळवायचे.

लढाई लागली तेव्हा हा घसा सरकारच्याही कामी आला. हुकूम निघाला की भोंगा वाजेल, सगळ्यांनी दिवे मालवायचे. भोंगा कुठून तरी उसना आणला. तो सकाळी वाजवून बघितला तर आजारी शेळीसारखा आवाज. मग एका साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी ओरडले. धडगावचे दिवे तर गेलेच, नर्मदेपलीकडच्या कोंबड्या आठवडाभर अंड्यावर बसल्या नाहीत म्हणे. मग तोच हुकूम घेऊन मी एका पाड्यावर गेले. खांब उभे, तारा नाहीत. तिथल्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला मी हात वर करकरून समजावलं की विमानं येतात, उजेड दिसला की बॉम्ब टाकतात, म्हणून दिवे मालवायचे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं ताई. आधी तू दिवे दे, मग आम्ही मालवतो."

डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात, अहोजाहो नाही. मोठ्या साहेबालाही तू. साहेब नवीन असला की त्याचा चेहरा आमचूर खाल्ल्यासारखा होतो, मग सवय होते.

आता बॉर्डरची गोष्ट सांगते.

आमच्याकडे बॉर्डर एकच. गुजरातची. गव्हाळीला जा नाहीतर नवापूरला, पलीकडे गुजरात. दिवाळी झाली की अर्धा डोंगर ती ओलांडतो. कुणी ऊस तोडायला, कुणी सुरतेला बांधकामावर, कुणी मिठागरांवर. 'पोरगा कुठंय?' विचारलं की आई म्हणते, 'बॉर्डरपलीकडं.' मागं म्हातारे, कोंबड्या आणि पोटुशा बायका. लढाईत घरी राहिलेल्यांनी कसं राहावं यावर शहरात भाषणं होतात. आमच्या बायका ते दरवर्षी पावसाळ्यापर्यंत करतात, कुणी भाषण न करता. त्या टाळेबंदीच्या, रोगाच्या वर्षी ही बॉर्डर बंद झाली होती. माणसं आडवाटेनं, रानातून, पोरं खांद्यावर घेऊन चालत आली होती. सगळी आली नव्हती.

म्हणून एका सकाळी बापूभाऊ हॉटेलातून ओरडला, "ताई, बॉर्डर बंद व्हई गई ना! लढाई लागनी! टीव्हीवर सांगी ऱ्हायनात!"

"कोणती बॉर्डर, बापू?"

"कोन्ती म्हंजे? बॉर्डर एकच शे. गव्हाळीनी!"

मी त्याला गप्प करेपर्यंत उशीर झाला होता. दुपारपर्यंत स्टँडवर डोंगर उतरला. कमरेला कासोटा, हातात चाकू तसेच, बोटं काळी, डोक्यावर भाकरीची गाठोडी. अर्धवट सोललेल्या कैऱ्या ओच्यात घेऊन आलेल्याही होत्या. सगळ्यांना गव्हाळीला जायचं होतं. नवरे आणि पोरं पलीकडे अडकायच्या आधी बॉर्डरवर उभं राहून त्यांना अलीकडे ओढून घ्यायचं होतं. एक म्हातारी तर विळा घेऊन आली होती. मी म्हटलं, हा कशाला? म्हणाली, "लढाई आहे ना?"

मी पाराच्या कट्ट्यावर चढले आणि घसा सोडला. "अगं बायांनो, ही ती बॉर्डर नाही! गव्हाळीला कुणी लढत नाही! सुरतेची वाट उघडी आहे! लढाई लागलीय ती दुसऱ्याच बॉर्डरवर. लांब, वर. तिथं बर्फ पडतो. पाणी दगडासारखं होतं. आपलं तिथं कुणी नाही!"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा स्टँड हसला. काय हसल्या त्या बाया! एकमेकींच्या पाठीवर थापा, विळ्यावालीची टिंगल, "जा, आता त्यानं गवत काप." ओच्यातल्या कैऱ्या बापूभाऊलाच मीठ लावून खायला दिल्या. बापूभाऊ तोंड लपवत फिरत होता. तासाभरात स्टँड रिकामा झाला.

एकच बाई उभी राहिली होती. ठुमलीबाई. काटक, बुटकी, कानात चांदीचे वेल, आणि जिभेला माझ्यासारखीच धार. त्या दिवशी ती हसली नव्हती.

"ताई, पाणी दगडासारखं होतं ती बॉर्डर कोणाची?"

"आपलीच. देशाची."

"सायसिंग बोलला होता फोनवर. इथं पाणी दगडासारखं होतं, म्हणाला. फोडून प्यावं लागतं. मी म्हटलं, खोटं बोलतो पोरगा. गुजरातमध्ये कुठं होतं पाणी दगडासारखं?"

सायसिंग तिचा एकुलता एक. मुकादमानं शहाद्याहून नेला होता, रस्त्याच्या कामावर. कुठं विचारलं तर म्हणाला होता, "बॉर्डरवर." ठुमलीबाईनं आपल्या बॉर्डरचा हिशेब धरला आणि निश्चिंत राहिली. सगळ्या डोंगराचा जीव ज्या वाक्यानं भांड्यात पडला, त्याच वाक्यानं तिचा उडाला. आणि ते वाक्य मी गावभर ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

त्या दिवसापासून माझं रोजचं काम असं. सकाळी ज्या घरांतले पोरगे फौजेत आहेत तिथं जायचं, धीर द्यायचा. दुपारी ठुमलीबाईला घेऊन रेंजच्या टेकडीवर चढायचं.

फौजेतल्या घरांना धीर द्यायला गर्दी असायची. म्हसावदकडच्या एका गावात गेले तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. सत्कार चालला होता. पुढारी, पेढे, मोबाइल वर धरलेले हात. त्या पोराच्या आईनं मला हाताला धरून आत ओढलं. भिंतीवर वर्दीतला फोटो आणि त्याला घातलेला हार, झेंडूचा, ताजा.

"ताई, हाई काढी टाक व," ती कानाशी म्हणाली. "मी काढसू तं लोके नावं ठेवतीन. जित्ता पोऱ्याना फोटोले कोनी हार घालस का?"

मी हार काढून पिशवीत कोंबला. बाहेर आल्यावर पुढाऱ्यानं विचारलं, हार कुठं गेला? मी म्हटलं, शेळीनं खाल्ला. शेळी त्या घरात नव्हती, पण पुढाऱ्याला घर कुठं माहीत होतं.

ठुमलीबाईच्या कुडाच्या भिंतीवर फोटोच नव्हता, त्यामुळे हाराचा प्रश्न नव्हता. पेढेही नव्हते. मी तिला एका कचेरीत घेऊन गेले. तिथं सैनिकांच्या घरच्यांसाठी चौकशीचं टेबल मांडलं होतं. टेबलामागचे साहेब भले माणूस होते. ते म्हणाले, "सैनिक आहे का मुलगा?"

मी म्हटलं, "नाही. सैनिकांच्या गाड्या ज्या रस्त्यानं जातात, तो रस्ता करतो."

"मग इथं बसत नाही, ताई."

"बसत नाही म्हणजे? गोळा पडताना विचारतो का, सैनिक कोण आणि खडी फोडणारा कोण?"

साहेबांनी हात जोडले. ठुमलीबाई इतका वेळ त्यांच्या खुर्चीकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्या खुर्चीला चाकं आहेत. मग सरक की जरा त्या फोनकडे." साहेब हसले आणि खरंच सरकले. फोन लावला. कुणी उचलला नाही.

रेंजची टेकडी म्हणजे पाड्याच्या डोक्यावरचा उघडा खडक. तिथं एका मोहाच्या झाडाखाली, पूर्वेला तोंड करून, उजवा हात वर केला तर फोनला जीव येतो. डावा केला तर येत नाही, मी करून बघितलंय. खडकावर काप वाळत असायचे. त्यातून पाय वाचवत आम्ही दोघी जायचो. मी नंबर लावायची आणि ती बाई बोलायची, गोड आवाजाची: आपण ज्यांना संपर्क करू इच्छिता ते संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.

"क्षेत्राच्या बाहेर म्हणजे?" ठुमलीबाईनं पहिल्या दिवशी विचारलं.

"म्हणजे लांब."

"लांब आहे ते मलाही माहीत आहे. त्याला फोन कशाला पाहिजे?" मग थोड्या वेळानं, "आवाज बघ कसा तुपातला. हिचा नवरा कधी ऊस तोडायला गेला नाही."

रोज तीच बाई, रोज तेच बोलणं. उतरताना मी गप्पा ठोकायची. डोंगरात उतरणं चढण्यापेक्षा वाईट, गुडघ्यांना आणि मनालाही. मी सांगायची की तिथं मजुरांसाठी जमिनीखाली घरं असतात, एवढी मोठी की आत म्हसावदचा बैलबाजार भरेल. आत शेगड्या, रजया, रोज मटण. गोळा पडला तरी आतल्या माणसाच्या ताटातला रस्सा हलत नाही. सायसिंग आता जाडा होऊन येणार, त्याला दारातून आत घ्यायला कूड पाडावा लागणार.

ठुमलीबाई ऐकायची. मध्येच विचारायची, मटण कशाचं? मी म्हणायची, बोकडाचं. "बर्फात बोकड?" मी म्हणायची, त्यांना स्वेटर घालतात. ती हसायची. एकदा हसता हसता थांबली आणि म्हणाली, "ताई, तू खोटं बोलतेस तेव्हा जोरात बोलतेस. खरं बोलायचं असलं की तुझा आवाज बसतो. तुला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

तिनं कैऱ्या कापणं एक दिवसही थांबवलं नाही. फांदीवरून उतरलेली कैरी लढाईसाठी थांबत नाही, पिकायला लागते. पाड्यावरच्या बायका तिच्याशेजारी येऊन बसत. त्यांचे नवरे सुरतेहून फोन करत होते, तरी तिच्यासमोर फोन घ्यायला त्या लाजत, लांब जाऊन बोलत. स्टँडवर हसल्याचं त्यांना आता जड झालं होतं. कुणी तसं बोललं नाही. फक्त तिच्या वाटणीच्या कैऱ्या सोलून तिच्या टोपल्यात टाकत राहिल्या.

मुकादमाचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. भर दुपार, कोथिंबिरीचा भाव करत होते. त्यानं आधी हवापाण्याचं विचारलं, तेव्हाच माझ्या हातातली जुडी खाली गेली.

"ताई, आपल्या सायसिंगचं झालं."

"काय झालं?"

"कॅम्पजवळ गोळा पडला. बाकीचे जेवायला उठले होते. हा रोलरवर होता." मग घाईनं, "इकडं सगळं बंद आहे. गाड्या नाहीत. आम्ही इथंच उरकून टाकतो. तिच्याकडून फक्त हो म्हणून घ्या."

मी पाड्यावर गेले. ठुमलीबाई अंगणात बसली होती, मांडीवर कैऱ्यांचं टोपलं. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "ठुमलीबाई." एवढंच. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

तिनं चाकू खाली ठेवला.

तिचं रडणं मी लिहिणार नाही. मला वाढवून लिहायची सवय आहे, आणि त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतं. बायका गोळा झाल्या. ऊन कलल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याला इथं आण."

"मुकादम म्हणतो, तिकडंच..."

"तिथल्या देवाला त्याचं नाव माहीत नाही. कोण विचारेल त्याला, कोणाचा तू म्हणून? आण."

आता आणायचं कसं? फौजेतला असता तर विमान होतं, गाडी होती, बँड होता. मजुराला ठेकेदार, आणि ठेकेदाराचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी दोन दिवस फोन करत होते. ज्याला त्याला सगळं नीट, सविस्तर, खरं सांगत होते: रस्त्यावरचा मजूर, ठेकेदाराकडचा, गोळा पडून गेला. सगळे हळहळले. सगळ्यांनी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर दिला.

तिसऱ्या दिवशी मी सविस्तर सांगणं बंद केलं. रेंजच्या खडकावर उभी राहिले, उजवा हात वर, आणि ज्याला लागेल त्याला एकच वाक्य म्हटलं: "आमचा धडगावचा पोरगा बॉर्डरवर गेला."

यात खोटं काय आहे ते मला अजून कुणी दाखवावं. पोरगा धडगावचा. बॉर्डरवर गेला होता. बॉर्डरवर गेला. मी आयुष्यभर राईचा पर्वत केला. त्या दिवशी पर्वतातली एक राई बाजूला ठेवली, एवढंच. समोरच्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि काय सांगू, फोन पळायला लागले. ज्यांचे नंबर लागत नव्हते ते स्वतः फोन करू लागले. विमानात जागा निघाली. सुरतेपासून गाडी निघाली. त्या गाडीला वाटेत कुणी अडवलं नाही. उलट गावोगाव लोक फुलं घेऊन थांबले, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. आमच्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा ती गव्हाळीची बॉर्डर कुणी वाकून ओलांडू दिली असेल.

धडगावात मांडव उभा राहिला. शाळेची पोरं रांगेत, हातात कागदी झेंडे. देशभक्तीची गाणी इतक्या मोठ्यानं लागली होती की डोंगरावरची पाखरं उडून मध्य प्रदेशात गेली. आणि स्टँडसमोर दोन बांबूंना बांधलेलं फ्लेक्स: 'वीर जवान सायसिंग अमर रहे'. सायसिंगचा एकच फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये सापडला होता, काठी गावच्या होळीतला. नवस फेडायला तो तिथं नाचायला उभा राहिला होता. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरू. फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर टोप पुसून फौजी टोपी चढवली होती. ठिपके मात्र गालावर थोडे राहिले होते.

ठुमलीबाई फ्लेक्ससमोर येऊन थांबली. मग ठिपके दिसले असावेत, तिनं हात वर करून त्या गालाला लावला. हात पोचत नव्हता, हनुवटीपर्यंतच पोचला.

दुपारी गाडी आली. घोषणा झाल्या. मागचं दार उघडलं, आणि घोषणा एकेक करून गळाल्या. आत प्लायवूडची पेटी. खाकी टेप गुंडाळलेली. ना झेंडा, ना वर्दी, ना सलामीला कुणी. पेटीवर सायसिंगचं पिवळं हेल्मेट आणि गाठोडं. सोबत आलेला मुकादमाचा माणूस गाडीतून उतरला आणि त्यानं निरागसपणे सांगितलं, "रोलर फार चांगला चालवायचा हो."

मांडव घालणारा तरुण पुढारी माझ्याकडे आला. पांढरा शर्ट, घामानं चिकटलेला. गाणी कुणीतरी बंद केली होती, म्हणून त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"ताई, हाऊ तं मजूर व्हता! तुम्हीन सांगं ना, बॉर्डरवर गया म्हनीसन!"

"मग कुठं गेला? लग्नाला?"

"लोकेसले काय सांगू मी आते?"

"माणूस गेलाय, असं सांग."

तो चिडला. त्याचंही चुकलं नव्हतं, त्यानं पदरचा मांडव घातला होता आणि वरच्यांना आमंत्रणं दिली होती. लोक हळूहळू पांगायला लागले. सर पोरांना रांगेतून परत नेऊ लागले. पोरं झेंडे हलवतच गेली, त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. पुढाऱ्यानं दोन गड्यांना खूण केली, फ्लेक्स काढा म्हणून. एकानं बांबूवर चढून वरची सुतळी सोडली. एक कोपरा खाली लोंबला, सायसिंगचं अर्धं तोंड दुमडलं.

ठुमलीबाई पेटीजवळ बसली होती. ती उठली.

"का काढता?"

बांबूखाली उभा असलेला दुसरा गडी, तोही डोंगरातलाच, खाली बघत म्हणाला, "आयो, यावर जवान लिहिलंय. तो जवान नव्हता."

ठुमलीबाईनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग पुढाऱ्याकडे, मग माझ्याकडे. तिला खरंच कळेना की एवढी शिकलेली माणसं काय बोलताहेत.

"जवान नव्हता?" ती म्हणाली. "मग काय म्हातारा होता माझा पोरगा? मिसरूड फुटून किती दिवस झाले होते त्याला?"

बांबूवर चढलेला गडी वरच थांबला. पुढाऱ्यानं रुमाल काढला आणि तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग त्या गड्यानं, कुणी न सांगता, लोंबलेला कोपरा वर ओढला आणि सुतळीची गाठ पुन्हा मारली. निसटू नये म्हणून दोनदा मारली.

पाड्यापर्यंत गाडी जात नाही. डांबरी संपते तिथं ती थांबली. पेटी त्या पायवाटेनं नेता येण्यासारखी नव्हती, वळणांवर अडली असती. मग पेटी उघडली आणि आजाऱ्याला दवाखान्यात आणताना करतात तशी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. सुरतेहून आलेले पाड्यावरचे पुरुष खांद्याला लागले. स्टँडवर हसलेल्या बायका मागून चालत होत्या. मीही होते. पांढरा शर्टवाला पुढारीसुद्धा होता, चपला हातात घेऊन. त्यानं मध्ये एकदा खांदा दिला. वाट उभी आहे, दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, पायाखाली सुटे दगड. झोळी हेलकावे खात होती.

ठुमलीबाई सगळ्यांच्या पुढं होती. वाकायची, वाटेतला दगड उचलायची, दरीकडे टाकायची. पुन्हा दोन पावलं, पुन्हा वाकायची. तिच्यामुळं सगळी रांग अडत होती. पुढचा खांदेकरी दमला होता. तो म्हणाला, "आयो, बाजूला हो. आम्ही नेतो संभाळून."

"थांब," ती मान वर न करता म्हणाली. "हा एवढा काढते."